बे एके बे

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं दक्षिण कोरियात, सुवॉनला राहिलो. समोरच्या घरातली मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. आपल्याकडची बारावीच म्हणा. एका संध्याकाळी ती दारात उभी राहिली, हातात एक काळा कागद घेऊन. जवळून पाहिलं तर कागद मुळात पांढरा होता. बॉलपेनने त्यावर कडेपासून कडेपर्यंत, समासालाही न जुमानता इंग्रजी शब्द लिहिले होते. एकेक शब्द वीस-वीस वेळा, ओळीला ओळ चिकटवून. पांढरं काही दिसता कामा नये, हा नियम. तिकडे याला 'काम्जी' म्हणतात. 'मी वर्गात बडबड करणार नाही' हे शंभरदा लिहिण्याची आमच्या शाळेतली शिक्षा मला आठवली. ही शिक्षा मात्र पोर स्वतःच स्वतःला देत होती.

"इमो, अ‍ॅड्रेस म्हणजे पत्ताच ना?"

"हो."

"मग कंपनीने इश्यू अ‍ॅड्रेस केला म्हणजे काय केलं?"

इमो म्हणजे मावशी. तिची आई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून ती माझी 'ओन्नी', म्हणजे ताई. आणि म्हणून मी हिची मावशी. पहिल्या भेटीत वय विचारून हे नातं लावून टाकलेलं होतं. भारतातून आलेल्या मावशीला इंग्रजी येणारच, हेही त्याच भेटीत ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

वहीत तिने वाक्याचा अर्थ लिहिला होता. इश्यू म्हणजे मासिकाचा अंक, अ‍ॅड्रेस म्हणजे पत्ता. सबब 'कंपनीने अंकावर पत्ता घातला.' उत्तर चूक होतं, पण तर्कात खोट काढायला जागा नव्हती. अंकावर पत्ता घालूनच तर तो पोस्टात टाकतात! इथे त्याचा अर्थ 'प्रश्नात लक्ष घातलं' असा होतो, हे सांगितल्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की इंग्रजी भाषा जणू मीच काल रात्री बसून रचली असावी.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा आमच्या जेवणाच्या टेबलावर इंग्रजीची झडती सुरू झाली. अस्वल सहन कसं करतं? कादंबरी 'नवीन' कशी? विषय, प्रजा, वाक्याचा कर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, हे चौघं 'सब्जेक्ट' या एकाच खोलीत कसे राहतात? 'फाइन' म्हणजे छान, मग दंड भरणाऱ्याला छान काय वाटतं? त्यात कोरियन लिपीला इंग्रजीतला 'एफ' नाही. त्याच्या जागी जे अक्षर येतं तेच 'पी'लाही येतं, त्यामुळे फाइन आणि पाइन कागदावर अगदी सारखे. म्हणजे छान, दंड आणि वर एक सूचिपर्णी झाड. तिचा वैताग मला समजत होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे तो मान 'रन'ने पटकावला, आणि त्या एका क्रियापदाचे अर्थ भरतात ६००च्या वर. हे मी तिला सांगितलं नाही. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलांना काही गोष्टी सांगू नयेत.

मी अशी शहाण्यासारखी शिकवत होते खरी, पण त्यांच्या गावात त्यांच्याच इंग्रजीने माझी फजिती करून झालेली होती. एका उपाहारगृहात नूडल्स मागवल्या, तर मालकीणबाईंनी न मागता तळलेल्या मोमोसारख्या पदार्थाची बशी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "सर्व्हिस." मी ती दोनदा परत पाठवली. बिलात सर्व्हिस चार्ज बघायची सवय असलेल्या माणसाला कसं कळावं, की तिकडे सर्व्हिस म्हणजे फुकट! दुसऱ्यांदा मी ओन्नीला सहज म्हटलं, "आज यांची संध्याकाळी मीटिंग आहे, उशीर होईल." ती क्षणभर गप्प झाली. तिच्या कॉलेजच्या दिवसांत 'मीटिंग' म्हणजे अनोळखी मुलं आणि तितक्याच अनोळखी मुली यांनी जोड्या जुळवायला भरवलेली बैठक. तिच्या डोळ्यांतली करुणा मला दुसऱ्या दिवशी कळली. आणि परीक्षेत कॉपी करण्याला तिकडे 'कनिंग' म्हणतात. हा शब्द तर मला मूळ इंग्रजीपेक्षा प्रामाणिक वाटला.

एकदा वैतागून ती म्हणाली, "इमो, कोरियन किती सरळ आहे! इंग्रजीच अशी का?"

मी त्याच आठवड्यात माझ्या कोरियनच्या वर्गात 'बे' हा शब्द शिकून आले होते. बे म्हणजे नाशपाती. बे म्हणजे पोट. बे म्हणजे नाव, पाण्यातली. बेत बसून बे खाल्लं आणि बे दुखायला लागलं, असं खुशाल म्हणता येतं. मी हे तिच्यापुढे ठेवलं. ती म्हणाली, "पण ते तर कळतंच." मग थोडा विचार करून तिनेच भर घातली : बे म्हणजे दुप्पटसुद्धा. मला हसू आवरेना. बे एके बे, बे दुणे चार. अर्थही नेमके चार भरले. तिला हसण्याचं कारण सांगायचं तर दोनाचा पाढा म्हणावा लागला. पाढ्यावरून गाडी मराठीवर आली.

'पण ते तर कळतंच' हे तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खरंच की! भाजी चिरताना मी सहज एक शब्द उचलला, 'लागणे', आणि मोजायला बसले. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, डोळा लागतो. एसटीची गाडी फलाटाला लागते, आणि घाटात तीच गाडी पोटातल्या पोटात लागते. मीठ कमी लागतं, पाहुणे नात्याने लागतात. भाजी करपायची वेळ आली तरी यादी संपेना. तीही खाली लागलीच. जन्मभर हा शब्द वापरला. त्याचे अर्थ मोजावेत असं कधी मनात आलं नव्हतं. आपल्या घरातली भांडी कुणी मोजतं का? भांडी मोजायची वेळ येते ती दुसऱ्याच्या घरून आणल्यावर.

मग आम्हाला तो खेळच लागला. कोरियनमध्ये 'खाणे' या क्रियापदाने माणूस काय काय खातो, ते ती सांगायची. तिकडे वय खातात, म्हणजे वयाने मोठे होतात. भीती खातात. मन खातात, म्हणजे मनाशी पक्कं ठरवतात. शिव्या खातात. इथे मी म्हटलं, "आम्हीही खातो." फुटबॉलमध्ये गोल खातात. "आम्हीही." शेवटी ती हळूच म्हणाली, "आणि काही मोठे लोक लाच…"

"खातात!" मी टेबलावर हात आपटला. हजारो मैलांवरच्या दोन भाषा, एकीचा दुसरीशी ना चुलता ना मामा, आणि लाच दोघींनीही खाण्याच्याच खात्यात टाकलेली.

उलटी गंमत 'वेअर'ची. इंग्रज माणूस शर्ट, बूट, टोपी, अंगठी, घड्याळ सगळं एकाच शब्दात अंगावर चढवतो. कोरियनमध्ये कपडे 'इप्ता', बूट 'शिन्ता', टोपी 'स्सुदा', अंगठी 'क्किदा', घड्याळ 'छादा'. तिच्या वहीत या बिचाऱ्या शब्दापुढे पाच अर्थ लिहिलेले होते. मला त्यात अर्थ मोजण्यासारखं नवल वाटलं नाही. आपणही साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो, गजरा माळतो. गजरा नेसलेली बाई कुणी पाहिली आहे? एखाद्या लंडनवाल्याला मात्र 'वेअर'ला पाच अर्थ आहेत असं सांगितलं तर तो म्हणेल, कुठले पाच? 'आंट'चंही तेच. आम्हा दोघींना मावशी आणि आत्या वेगळ्या करता येतात. इंग्रजांना त्या दोघींना एकाच नावाने हाक मारताना काही चुकतंय असं वाटत नाही.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी 'सुनुंग' आली. ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा म्हणजे त्या देशाचा श्वास रोखून धरण्याचा दिवस. शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो. उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीवर घालून केंद्रावर पोचवतात. इंग्रजीच्या पेपरला ७० मिनिटांत ४५ प्रश्न. पैकी १७ ऐकून सोडवायचे. ते ऐकू यावेत म्हणून त्या सुमारे ३५ मिनिटांत देशभर विमानं ना उडतात, ना उतरतात. एवढं करूनही शब्द दगा देतातच. २०१४च्या पेपरात एक आकडा २ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला होता, आणि पर्यायात ती वाढ '१८ टक्के' म्हटली होती. टक्के आणि टक्केबिंदू यांतल्या फरकाने असा गोंधळ घातला, की २५व्या प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरावी लागली. काम्जी पेपर काढणाऱ्यांनीही लिहायला हवी होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ओन्नीकडे गेले, तर टेबलावर आलेल्या भेटी मांडलेल्या. 'यॉत' नावाची दातांना चिकटणारी मिठाई, चिकट तांदळाचे गोळे, एक काटा-चमच्यातला काटा, हातात धरायचा आरसा आणि चक्क टॉयलेट पेपरची गुंडाळी. मला वाटलं, एखादी वस्तू चुकून राहिली असेल. ओन्नीने समजावलं. चिकटणे म्हणजे 'बुत्ता', आणि परीक्षेत पास होणे म्हणजेही 'बुत्ता', म्हणून मिठाई चिकट. काटा टोचणे आणि येत नसलेलं उत्तर ठोकून देणे, दोन्हीला एकच शब्द. कागदाची गुंडाळी सोडवणे आणि गणित सोडवणे, तिकडेही एकच. आरसा कशाला? तर तिकडे परीक्षा 'देत' नाहीत, 'पाहतात'. नीट पाहा, म्हणून आरसा. (आपल्याकडे परीक्षा पाहतो तो देव.) समुद्रशेवाळाचं सूप मात्र त्या आठवड्यात घरात शिजत नाही. ते गुळगुळीत; खाल्लं की पोरगं घसरलंच!

आणि हीच मंडळी म्हणत होती, एका शब्दाला अनेक अर्थ असणं हा इंग्रजीचा खोडसाळपणा. त्यांची तर सगळी देवभोळी माया एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभी होती.

मी नेलं होतं आपलं दही-साखर. वाटीत चमचा फिरवताना ओन्नीचा चेहरा पडला. दही हललं. गुळगुळीत, अगदी त्या सूपच्या जातीचं! ती नको म्हणणार नव्हती, पण घेणारही नव्हती. मी मनातल्या मनात घाईने मराठी चाळली आणि म्हटलं, "ओन्नी, हे लागलेलं दही आहे. आमच्याकडे विरजण घातलं की दही लागतं. आणि कॉलेजात प्रवेश मिळतो तेव्हा नंबर लागतो. शब्द एकच." ओन्नीने वाटी दोन्ही हातांनी घेतली. पोरीने चमचाभर दही डोळे मिटून खाल्लं.

फेब्रुवारीत एका दुपारी फोनवर तिचा निरोप आला, दोनच शब्दांचा : 'इमो, बुथॉस्सॉयो.' नवऱ्याने विचारलं, "काय म्हणतेय?"

"पोरगी चिकटली," मी म्हटलं.

"वा! कुठल्या कॉलेजला?" तो म्हणाला.