राणीचं अभ्यंगस्नान

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घरात निवृत्त पुरुष मोकळा सोडू नये. त्याला नातवाबरोबर किल्ला करायला बसवावं, दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवायला द्यावा, काहीही करावं; पण त्याच्या हाती चांदी लागू देऊ नये. आमच्याकडे ही खबरदारी घेतली गेली नाही. बायको चकलीच्या भाजणीत गुंतलेली, सून ऑफिसात आणि मी लक्ष्मीपूजनाचा डबा उघडून बसलेला.

डबा आत्याचा. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान गेलेले, नाक शाबूत. (नाकाचं पुढे काम आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.) तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेले चांदीचे बंदे रुपये या डब्यात असतात. वर्षातून एकदा ते चौरंगावर येतात, हळदकुंकू लावून घेतात आणि परत डब्यात जातात. त्यात व्हिक्टोरिया राणी आहे. 1877 च्या आधीची नुसती राणी आणि त्यानंतरची बादशाहीण, अशी दोन्ही रूपांत. तिचा मुलगा सातवा एडवर्ड आहे. रुपयावर त्याच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणून आत्या त्याला 'बोडका' म्हणते. मग दाढीवाला पाचवा जॉर्ज आणि शेवटी सहावा. इंग्लंडच्या राजघराण्याच्या चार पिढ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुखानं नांदत होत्या.

यंदा डबा उघडला तर सगळं घराणं काळंठिक्कर. त्यात सर्वांत वरच्या राणीच्या डोळ्यांवरून एक आडवा काळा पट्टा गेलेला, वर्तमानपत्रात संशयिताच्या फोटोवर मारतात तसा. हा पट्टा कुठून आला, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. बँकेत हयात गेलेली असल्यामुळे सुटे पैसे दिसले की माझे हात शिवशिवतात. मागच्या दिवाळीत मी या रुपयांची चळत रचली होती आणि उभा-आडवा रबर बँड घालून ठेवली होती. रबरात गंधक असतं. चांदी एरवी गुणी धातू, गंजत नाही. पण गंधक भेटलं की त्याच्याबरोबर तोंड काळं करते. हवेतही गंधकाचा अंश असतो, त्यामुळे उघडी चांदी सावकाश काळवंडतेच. माझ्या रबर बँडानं दोघांची गाठ घालून दिली, एवढंच.

या सगळ्या काळ्या मंडळींत एकच रुपया मात्र लखलखत होता. सहाव्या जॉर्जचा, मागे रुबाबात चालणारा वाघ आणि साल 1947. त्याच डब्यात, त्याच हवेत राहून याच्या अंगावर डाग नाही! मी तो उचलून घरभर फिरवला. बायकोला दाखवला, नातवाला दाखवला. संगतीनं माणूस बिघडतो म्हणतात, पण मुळात वळण असलं की असं राहता येतं, वगैरे बोललो. मग तो समोर खिडकीत ठेवला आणि ठरवलं की बाकीचे सगळे असे झाल्याशिवाय उठायचं नाही.

"रिठे भिजत घाल," आत्या म्हणाली. "त्या पाण्यात धू आणि मऊ फडक्यानं टिपून घे. घासू नकोस."

"सगळा काळेपणा जाईल?" मी ओरडून विचारलं.

"थोडा राहील. राहू दे की. जुने आहेत, जुने दिसले म्हणून काय बिघडलं?"

तिच्या कानांना ऐकू येत नाही, म्हणून तिचंही ऐकायचं नाही असा आमच्या घरात एक अलिखित नियम आहे. मी चिंच भिजत घातली.

चिंचेवर माझी श्रद्धा. देवघरातली तांब्याची भांडी चिंच-मीठ लावताच कशी उजळतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. तेव्हा तांब्याचा कलश, पळी-पंचपात्र आणि सगळे रुपये एकाच पातेल्यात चिंचेच्या कोळात घातले आणि निवांत वर्तमानपत्र वाचत बसलो. कलश चकचकीत झाला. राणी जशीच्या तशी. तांब्यावर चढतो तो गंज चिंचेच्या आंबटपणात विरघळतो; चांदीवरचा काळा थर गंधकाचा, तो चिंचेला दाद देत नाही. दाद दिली ती फक्त सहाव्या जॉर्जच्या काही रुपयांनी. युद्धाच्या टंचाईत 1940 साली सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि उरलेल्या जागेत मुख्यतः तांबं भरलं. त्या तांब्यात आणि चिंचेत काय गुफ्तगू झालं कोण जाणे, महाराज गालांवर गुलाबी झाक घेऊन बाहेर आले.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी फराळाचं ताट द्यायला आल्या होत्या. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, चिंच कसली लावताय? दात घासायची पेस्ट लावा. आमचं निरांजन बघा."

पेस्ट लावली. जुना ब्रश घेतला. आणि खरंच, पट्ट्याच्या खालून राणीचा डोळा उघडला! या पहिल्या यशानं माणूस वाया जातो. एका डोळ्यानं राणी माझ्याकडे पाहत होती आणि मला खिडकीतला वाघ दिसत होता. पेस्टनं काम होतंय, पण हळू होतंय, असं वाटून मी दारात काढायला आणलेली पांढरी रांगोळी चिमूटभर घेतली. मग चिमटीचं माप सुटलं. पाचव्या जॉर्जच्या मागच्या बाजूला तळाशी एक बारीकसा ठिपका होता. तो रांगोळीलाही बधेना. मळ चिवट असतो, हे मला ठाऊक होतं. टाचणी आणली आणि तो कोरून काढला.

पेस्ट ही दातांसाठी केलेली असते आणि दाताचं वरचं आवरण चांदीपेक्षा कितीतरी कठीण असतं, हा विचार तेव्हा शिवला नाही. दाताला जे सोसतं ते चांदीला सोसत नाही, आणि रांगोळी तर दगडाचा भुगा. राणीच्या गालावर बारीक बारीक ओरखड्यांची जाळी उमटली होती. तिला मी 'चमक' समजत होतो. शिवाय काळा थर म्हणजे काही वरून बसलेली धूळ नव्हे. ती चांदीच असते, गंधकाला चिकटलेली. थर घासून काढला की ती चांदीही गेली. आत्याच्या सासूची पुंजी अशी थोडी थोडी आमच्या मोरीतून नगरपालिकेच्या गटाराला मिळत होती.

संध्याकाळी नातू किल्ल्याची माती धुवायला मोरीत आला आणि माझा अवतार पाहून थबकला. तो दहावीत आहे, सायन्सचा क्लास लावलेला आहे. "आजोबा, घासता कशाला? ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. गंधक चांदीला सोडतं आणि ॲल्युमिनियमकडे जातं. चांदी जागच्या जागी राहते."

हे मात्र शास्त्रशुद्ध होतं, आणि आजही मी त्याला दोष देत नाही. दोष फॉइल संपली होती याचा. पण फॉइल नसली म्हणून काय झालं? पाहुणे आले की चहाला निघणारं मोठं जर्मनचं पातेलं फळीवर होतंच; तेही ॲल्युमिनियमच. पाणी उकळलं, मूठभर सोडा टाकला, उरलेले काळे रुपये तळाशी मांडले. बुडबुडे आले. आणि पाहता पाहता, हात न लावता, काळेपणा पातळ होऊ लागला. आधी कडा उजळल्या, मग अक्षरं, मग बोडक्याची दाढी. असा आनंद मला बँकेत ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळल्यावरही झाला नव्हता. पातेल्यात जागा होती आणि माझ्यात उत्साह होता, म्हणून सुनेच्या टेबलावर एक काळा पडलेला चांदीचा हार होता तोही आणून टाकला. बिचारीला वेळ कुठे मिळतो?

तेवढ्यात माजघरातून आवाज आला.

"अंडं कोण उकडतंय?"

गंधक चांदीला सोडून निघालं की त्यातलं सगळंच काही शहाण्यासारखं ॲल्युमिनियमकडे जात नाही. थोडं हवेत जातं, आणि त्याचा वायू तोच, जो सडक्या अंड्यातून येतो. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, धन्वंतरीच्या तसबिरीपुढे धने-गूळ मांडलेला असताना, जन्मात अंडं न शिवलेल्या आत्याला रसायनशास्त्र समजावणं सोपं नव्हतं. तेही ओरडून, खिडक्या उघड्या असताना. "आत्या, हा हायड्रोजन सल्फाइड!" मी ओरडलो. "कुणाचंही असो," ती म्हणाली, "या घरात शिजायचं नाही!"

ती काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. बायकोनं झाऱ्यासकट हात वर केले. नातू मात्र पांढराफटक पडला. "मोठी आजी, मी घरात नाही खाल्लं," तो म्हणाला, "क्लासच्या खाली गाडी असते, तिथे खाल्लं. आणि ते ऑम्लेट होतं, उकडलेलं नव्हतं." आतापर्यंत या गाडीबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. पुढचा अर्धा तास सगळ्या घराचं लक्ष त्याच्याकडे वळलं, त्याचा फायदा घेऊन मी पातेलं गॅलरीत नेलं. ते आतून काळं पडलं होतं. ते पुन्हा चहाला निघालेलं नाही.

सून घरी आली, तेव्हा तिचा हार मी पांढऱ्या रुमालावर मांडून ठेवला होता. तिनं तो हातात घेतला. सुना हल्ली फार समजूतदार असतात. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "हा ऑक्सिडाइज्ड आहे. हा काळा करूनच विकतात. नक्षी उठून दिसावी म्हणून. त्याचेच जास्त पैसे घेतात."

लक्ष्मीपूजनाला चौरंगावर रुपये पांढरेशुभ्र दिसत होते. येणारा जाणारा म्हणत होता, "वा, नवीन घेतले का?" हे मी कौतुक म्हणून घेतलं. आत्यानं चश्मा पुसला, एक रुपया उचलून त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही कोण बाई?"

पाडव्याला आमच्या बँकेतले एक जुने सहकारी फराळाला आले. त्यांना नाण्यांचा नाद. पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन उन्हातान्हात उकिडवं बसून नाणी उलटीपालटी करणारा माणूस. मी डबा अभिमानानं पुढे केला. त्यांनी राणीला दोन बोटांच्या चिमटीत, फक्त कडेला धरून उचललं, उजेडाकडे तिरकं केलं, आणि चिवड्याचा घास बराच वेळ चावत राहिले.

"कुणी केलं हे?"

"घरच्या घरी!" मी म्हणालो.

मग त्यांनी मला अतिशय सौम्य शब्दांत सांगितलं ते असं. नाणी जमवणारे लोक काळेपणासाठीच जीव टाकतात. शंभर-सव्वाशे वर्षं हवेत राहून जो थर चढतो तो नाण्याच्या वयाचा दाखला. तो गेला की नाणं 'धुतलेलं' ठरतं आणि जाणकार गिऱ्हाईक ते खाली ठेवून पुढे सरकतं. "मग आता याला किंमत नाही?" मी विचारलं. "आहे की. वजनाची." त्यांनी वजनही सांगितलं. 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, बरोबर एक तोळा. पूर्वी 80 रुपये तागडीत टाकले की शेराचं वजन व्हायचं. 1940 पूर्वीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी. "सराफ मोडीत घेईल," ते म्हणाले आणि करंजीकडे वळले.

पाचवा जॉर्ज हातात आल्यावर मात्र त्यांनी करंजी खाली ठेवली. 1911 साली या राजाचा पहिला रुपया निघाला, तेव्हा त्याच्या अंगावरच्या झग्यावर एक बारीक हत्ती कोरलेला होता. सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो डुक्कर दिसला. राजाच्या छातीवर डुक्कर म्हटल्यावर हिंदू आणि मुसलमान दोघेही संतापले. सरकारला रुपये मागे घेऊन वितळवावे लागले आणि पुढच्या सालापासून सोंड लांब करून हत्ती नीट काढावा लागला. आत्याचा रुपया त्यानंतरचा, दुरुस्त केलेल्या हत्तीचा. त्यांनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. सोंड रांगोळीनं खाल्ली होती. साम्राज्यानं एवढ्या खटपटीनं केलेला हत्ती मी एका दुपारीत परत डुक्कर करून ठेवला होता.

"आणि इथे मागे एक ठिपका असतो," ते नाणं उलटं करत म्हणाले. "मुंबईच्या टांकसाळीची खूण. त्यावरून कळतं की नाणं मुंबईचं, कलकत्त्याचं नाही. तुमच्याला ठिपका दिसत नाही... खड्डा दिसतोय."

मी घाईघाईनं विषय बदलला आणि माझा हुकमाचा पत्ता काढला. वाघाचा रुपया. "हा बघा. याला मी बोटही लावलेलं नाही. अस्सल. डब्यात राहून कधी काळा पडला नाही."

त्यांनी तो हातात घेतला नाही. उठले, फ्रिजच्या दारावरचं गणपतीचं चुंबक काढून आणलं आणि रुपयाजवळ धरलं. वाघ टुणकन उडी मारून गणपतीला चिकटला.

"निकेल," ते म्हणाले. "सत्तेचाळीसचा रुपया निकेलचा. यात चांदी औषधालाही नाही. काळा पडणार कशानं?"

आत्याला हे सगळं ओरडून सांगण्यात काही अर्थ नव्हता, पण बायकोनं सांगितलं. किंमत गेली, सोंड गेली, वाघ चांदीचा नाहीच. आत्यानं लाडवाचा तुकडा तोंडात टाकला. "विकायचेत कुणाला?" ती म्हणाली आणि रुपये मोजून डब्यात भरायला लागली. रबर बँड तिनं माझ्या हातातून काढून घेतला.

भाऊबीजेच्या सकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनी पुन्हा दारात. हातात टॉवेलात गुंडाळलेलं मोठं गाठोडं. चांदीचं ताट, वाट्या, अत्तरदाणी, गुलाबदाणी. "भाऊजींनी रुपये काय सुरेख काढलेत हो! आमचे भाऊ येणार आहेत दुपारी, तेवढं..."

मी तोंड उघडायच्या आत आत्या दारात पोचली होती. तिनं गाठोडं हातात घेतलं, वजन अजमावलं आणि म्हणाली, "ठेव बाई इथे, तो रिकामाच आहे. पण गच्चीत करेल. घरात अंडी उकडू देत नाही मी त्याला."