फुकट, माणसासकट

विंडोज, मॅक आणि लिनक्स यांत सरस कोण, हा वाद तिघांचा असला तरी तो घालतो एकटा लिनक्सवालाच. आपण काही निवडलंय हे विंडोजवाल्याच्या गावीही नसतं; दुकानातून मशीन आणलं, त्यात ते होतं. मॅकवाल्याने इतके पैसे मोजलेले असतात की आता तुलना करण्याची त्याची छाती होत नाही. लिनक्सवाला मात्र बारशाला आला तरी त्याची नजर पाळण्याआधी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर जाते. "अजून विंडोजच?" असं तो ज्या सुरात विचारतो, त्या सुरात लोक अस्थी कधी आणायच्या हे विचारतात. खिशात पेन ड्राइव्ह असतोच. "इन्स्टॉल करत नाही वहिनी, नुसतं चालवून दाखवतो," म्हणत तो मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करतो आणि काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप करतो. पांढऱ्या अक्षरांच्या रांगा सरसर वर धावू लागतात. तो हाताची घडी घालून मागे रेलतो. वहिनींना वाटतं, मशीन बिघडलं.

गंमत म्हणजे त्याचा एकेक मुद्दा खरा असतो. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये हौसेखातर सुरू केलेल्या या कामावर आज जगातले सर्वांत वेगवान 500 महासंगणक चालतात. 2017 च्या नोव्हेंबरपासून त्या यादीत दुसरं काही उरलेलंच नाही. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज 11 ला जुनी मशीन्स चालेनात, तेव्हा तर त्याची दिवाळी आठवडाभर आधीच सुरू झाली. धडधाकट मशीन भंगारात का घालायचं, या त्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही. तरीही घरोघरी विंडोजच का? माझं म्हणणं असं, की लोक सिस्टीम निवडतच नाहीत. बिघडल्यावर कोण धावून येईल, ते निवडतात. हिशेब टॅलीत, पत्रिकांच्या जुन्या फायली श्रीलिपीत, आणि अडलं की अ‍ॅक्टिव्हावरून येणारा कोपऱ्यावरचा मुलगा. त्याला एकच औषध ठाऊक असतं, "फॉरमॅट मारावा लागेल." पण तो येतो.

यावर लिनक्सवाला विचारेल, मग गुणवत्तेला काही किंमतच नाही का? आहे ना, पण जिथे सांभाळणाराच निवडणारा असतो तिथे. हजारो सर्व्हर सांभाळणारा माणूस आपल्या झोपेचा विचार करून लिनक्स घेतो. घरातलं मशीन सांभाळतो अ‍ॅक्टिव्हावाला, म्हणून तिथे विंडोज. महासंगणक आणि दिवाणखाना यांचे निकाल उलटे का लागतात, याचा दुसरा खुलासा मला तरी दिसत नाही. म्युनिक महापालिकेने सुमारे 15 हजार मशीन्स लिनक्सवर नेली आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं, हा विषय काढला की तो खुर्ची पुढे ओढतो. मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय आदल्याच वर्षी म्युनिकमध्ये आलं होतं, हे तो आवाज खाली आणून सांगतो, नि पुढचं तुम्ही समजून घ्यायचं. तारीख खरी आहे, अर्थ ज्याने त्याने लावावा. मग हुकमाचं पान म्हणून केरळ. तिथल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात, हे अगदी मान्य. पण तिथे शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण दिलं गेलं. म्हणजे विचारायला माणूस शाळेतच होता. केरळ माझ्या बाजूचा साक्षीदार आहे, त्याच्या नव्हे.

लिनक्सचा सर्वांत मोठा गुण लिनक्सवाला कधीच सांगत नाही, कारण तो गुण म्हणजे तो स्वतः. वहिनी एकदाच्या हो म्हणतात, आणि महिन्याभरात प्रिंटर रुसतो. रविवारी सकाळी तो हजर. टेबलाखाली शिरून, केबल दातांत धरून तो सांगत असतो, "एकदा बसवलं ना वहिनी, की पुन्हा बघावं लागत नाही." दोन तास खपतो, एक पैसा घेत नाही, शिवाय चहाचे आभार मानतो. एवढी सेवा पुरवणारी कंपनी पृथ्वीवर नाही, आणि तरी तो तुलनेच्या तक्त्यात स्वतःचा रकाना आखत नाही. पुढे त्याची बदली बंगळुरूला होते. फोनवरून तो कमांड सांगत राहतो, वहिनी "डॅश म्हणजे आडवी रेघ ना?" विचारत राहतात, आणि पंधरवड्याने अ‍ॅक्टिव्हावाला येऊन फॉरमॅट मारून जातो.