उघड्या गाडीला रोल बार: रायपूरकर नवशिक्यांसाठी

आधी गाडी हवी. छप्पर उघडणारी दोन सीटची स्पोर्ट्स कार तात्यापाऱ्यात दारोदार उभी नसते, म्हणून आपण गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म धरून चालू: फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन, आणि सुटे भाग शोधत फिरण्याचा जन्मभराचा छंद. ती नसेल तर कापडी टपाची जिप्सी चालेल. तीही नसेल तर हे वाचून शेजाऱ्याला सल्ला द्या. आमच्या गल्लीत बहुतेक रोल बार असेच बसवले जातात.

छप्पर उघडं ठेवण्याजोगे दिवस इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, आणि एरवी सिलतऱ्याकडून येणारी स्पंज आयर्नची काळी पूड डोक्यावर. रोल बार यातलं काहीही अडवत नाही. गाडी उलटलीच तर तुमचं डोकं आणि डांबर यांच्यामध्ये उभं राहणं एवढंच त्याचं काम.

आता पाईप. एका हाताला भिलाई, दुसऱ्या हाताला उरल्याच्या रोलिंग मिला; अशा गावात लोखंडाला काय तोटा? घात तिथेच होतो. दुकानदार "एकदम भारी वाला" म्हणत नळाचा जीआय पाईप काढेल. घेऊ नका. जस्ताच्या लेपावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर उठतो आणि वेल्डरला रात्री हुडहुडी भरते. चकचकीत स्टेनलेसचाही नको, तो जिन्याच्या कठड्याचा. शर्यतींचे नियम करणारी एफआयए मुख्य बारसाठी बिनसांध्याचा, गार ओढलेला कार्बन स्टीलचा पाईप मागते: ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. वाकवायचाही गारच, मशीनवर, आणि बाक व्यासाच्या तिपटीहून घट्ट नको. वाळू भरून, लाल करून वाकवणारे उस्ताद भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे जा.

उंचीसाठी उपकरण: लांब दांड्याचा झाडू. चालकाला हेल्मेट घालून सीटवर बसवा, दांडा बारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीवर टेकवा. हेल्मेट दांड्याखाली निदान दोन इंच हवं. आमच्या मेहुण्यांच्या बाबतीत दांडा बरोबर भुवयांवर आला. त्यांचं म्हणणं पडलं की दांडा वाकडा आहे.

बसवणं हा खरा भाग, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. वेल्डर म्हणतो, "काका, नीचे दो टाँका मार देता हूँ, हाथी भी नहीं हिलाएगा." हत्तीचा प्रश्नच नाही. फायबरला टाका लागत नाही, आणि जिप्सीच्या पातळ पत्र्यावर मारलेला टाका गाडी उलटल्यावर पत्र्यासकट उपसून येतो. मग बार खाली शिरतो आणि तुम्ही त्याच्या मागोमाग. म्हणून पाय थेट चासीपर्यंत न्या. पत्र्यावरच टेकवणं भाग असेल तर निदान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटीमीटरची पट्टी, आणि प्रत्येक पायाला ८ मिमीचे किमान तीन बोल्ट, त्यावर ८.८ कोरलेले. मागे तिरपे आधार द्या, नाहीतर तो बार नव्हे, कमान. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे ते आठवा. हे नंतर आठवून उपयोग नसतो.

डोकं पोहोचेल तिथे जाड कठीण फोम बांधा. बेल्ट तर हवाच. बेल्ट नसला तर साध्या धक्क्यातही तोच बार तुमचं टाळकं फोडेल.

आता जी गोष्ट पहिल्या ओळीत लिहायला हवी होती ती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९चा निकाल पाहता, कंपनीने ठरवलेल्या रचनेशी न जुळणारे फेरफार रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत. दंड दर फेरफारामागे ५,००० रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. तेव्हा पाईप घेण्याआधी आरटीओत विचारा. आम्ही नंतर विचारलं.

बार विकणे आहे. ४५ मिमी, बिनसांध्याचा, एकदाही न बसवलेला. सध्या अंगणात त्यावर धुणं वाळत असतं, म्हणून दुपारी चारनंतर या.