येथे पत्ता सांगून मिळेल

करी रोड स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या नवख्या माणसाला वाट दाखवायला सरकारने काही केलेलं नाही, हे एका अर्थी बरंच झालं. केलं असतं तर आमच्या नाक्यावरच्या चार-पाच काकांवर दुसऱ्यांदा बेकार व्हायची पाळी आली असती. पहिल्यांदा ते गिरणी संपात झाले. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांनी पुकारलेला तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही, असं ते छाती काढून सांगतात. म्हणजे हिशेबाने ते अजून संपावरच आहेत. आणि संपावरच्या माणसाकडे वेळ असतो.

माझा भाचा मेलबर्नला असतो. तो सांगत होता, ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड मुलखात, जिथे मैलोन् मैल माणूस दिसत नाही, तिथल्या टीचभर गावातसुद्धा पर्यटक माहिती केंद्र असतं. निळ्या पाटीवर पिवळा तिरका 'आय'. आत एखादी निवृत्त आजी, फुकट नकाशे आणि स्वच्छ संडास. आजी गोड हसून विचारते, कुठून आलात? आणि वहीत लिहून ठेवते. "मामा, तुमच्याकडे असलं काय आहे?"

मी त्याला पानटपरीशेजारच्या बाकड्यापाशी नेऊन उभा केला. संडास सोडला तर तिथे सगळं आहे.

"कुठून आलास?" हा प्रश्न इथेही पहिलाच. पण तिकडच्या आजीचं शहरावर भागतं, इथे तालुका लागतो. भाचा म्हणाला, मेलबर्न. "ते राहू दे. गाव कुठलं?" वेंगुर्ला. "वेंगुर्ल्यात खंय?" पुढचा पाऊण तास त्याला कुठे जायचं होतं हा विषयच निघाला नाही. चहा संपेपर्यंत त्याच्या आजोबांनी कुणाची किती कलमं हडपली होती, याची मात्र बिनचूक माहिती मिळाली. मला ती आजवर नव्हती.

पत्ता सांगायची इथली पद्धत अशी, की खुणेची वस्तू जागेवर असलीच पाहिजे ही अट नाही. "मफतलालवरून डावीकडे वळ." मफतलाल मिल कुठाय? तिथे आता मॅरेथॉन फ्युचरेक्स उभी आहे, काचेची. "श्रीनिवासच्या समोरून जा." श्रीनिवासच्या जागी वर्ल्ड वन टॉवर. फिनिक्सचा मॉल झाला तरी नाव टिकलं, म्हणून काकांच्या लेखी तो मॉल सज्जन. पार्सल पोचवणारी पोरं मोबाइलवरच्या नकाशात बघतात आणि काका डोळे मिटून 1981 मध्ये बघतात. दोघेही एकाच गल्लीत उभे असतात, पण भेट होत नाही.

त्यात रस्त्यांची नावं. पाटीवर महादेव पालव मार्ग, तोंडात करी रोड. पाटीवर ना. म. जोशी मार्ग, तोंडात डिलाईल रोड. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने करी रोड स्टेशनला लालबाग नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा बाकड्यावर कडाक्याचा वाद झाला. "उद्या कुणी स्टेशनातून उतरून लालबाग कुठे म्हणून विचारलं तर काय सांगायचं? आलास, आता घरी जा?"

पुलांची माहितीही अशीच ठाम. लोअर परळचा पूल जुलै 2018 मध्ये बंद झाला, तेव्हापासून कुठेही जायला निघालेल्या माणसाला बाकड्यावरून आधी "पूल बंद आहे" असं कळवलं जाई. नोव्हेंबर 2023 मध्ये तो पुरता खुला झाला. सूचना चालू आहे. एवढी पाठ झालेली गोष्ट लगेच कशी सोडायची?

खरी कसोटी भाद्रपदात. बाहेरगावची मंडळी घामाघूम होऊन विचारतात, "राजा कुठे?" यावर बाकड्याचा प्रतिप्रश्न, "कुठला?" देश 1950 साली प्रजासत्ताक झाला, पण ते आमच्या गल्ल्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. लालबागचा राजा 1934 चा. त्याच्याआधीचा, 1928 चा, गणेश गल्लीतला मुंबईचा राजा. पलीकडे चिंचपोकळीचा चिंतामणी, 1920 चा. तो राजा म्हणवून घेत नाही, पण वयाचा मान त्याचाच. बाकड्यावरचे एक काका गणेश गल्लीचे. लालबागच्या राजाची वाट विचारणाऱ्याला ते अत्यंत आदराने, हातवारे करून, गणेश गल्लीत पोचवतात. "आधी थोरल्याला भेट. मग धाकट्याच्या रांगेत उद्यापर्यंत उभा राहा."

मसाल्याची चौकशी मात्र पुरुषांकडे नसते. एप्रिल-मे मध्ये पिशव्या भरून बायका येतात, तेव्हा सूत्रं वरच्या खिडकीतल्या मावशींकडे जातात. त्यांचा नकाशा सगळ्यात अचूक. "नाक मोकळं ठेवून चालत राहा. पहिली शिंक आली की मिरच्यांची दुकानं. डोळ्यांतून पाणी आलं की मसाला कुटायचे डंख. तिथेच थांब." मग न विचारता पुढचं, की बेडगी रंगाला घे, संकेश्वरी तिखटाला, आणि कुटून होईपर्यंत समोरून हलू नकोस. इतकी माहिती कुठल्या केंद्रात मिळेल?

परवा टॉवरमधले एक गृहस्थ आले. चांगले कपडे, हातात कुत्र्याची साखळी. चिवडा गल्ली कुठे म्हणाले. काकांनी आधी त्यांचं राहायचं ठिकाण विचारून घेतलं.

"म्हणजे आमच्या गिरणीच्या साचेखात्यावर राहता तुम्ही. मजला?"

"चाळिसावा."

काकांनी मान मागे टाकून वर पाहिलं. "चिमणीच्याही वर! अहो, मग इथे विचारायला खाली कशाला उतरलात? वरनंच बघायचं ना!"