गाडीलाच विचारू या, काका

ट्रॉय, मिशिगन

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. थंडी भरपूर, बर्फ भरपूर, आणि गॅरेजात १९९३ सालची गाडी अडून बसलेली. ही बातमी घरच्या ग्रुपवर गेल्यापासून सांगलीपासून सिंगापूरपर्यंत सगळ्यांचं निदान आलं आहे: बॅटरी, प्लग, कॉइल, पेट्रोलपंप आणि आत्यांच्या मते शनी. शनी सोडला तर यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, आणि अडचण तीच आहे. सगळीच उत्तरं शक्य असली की माणूस आपल्याला आवडणारं उत्तर निवडतो आणि दुकानात जातो. माझं म्हणणं एवढंच की जुनी गाडी अडली की पार्ट शेवटी घ्यावा. आधी गाडीला असा प्रश्न विचारावा की कुठलंही उत्तर आलं तरी निम्मे संशयित निर्दोष सुटतील. शेजाऱ्यांकडे दिवे आहेत की नाहीत हे न बघता घरातला पंखा बदलायला काढणारा माणूस आपल्याला हास्यास्पद वाटतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण सगळे त्याचे सख्खे भाऊ असतो.

पहिला प्रश्न: किल्ली फिरवल्यावर सेल्फ इंजिन फिरवतो का? फिरवत नसेल तर प्लग आणि कॉइल यांची चौकशी तिथेच बंद करायची, कारण त्यांची पाळी अजून आलेलीच नाही. मग हेडलाइट लावून पुन्हा किल्ली मारायची. दिवे विझत आले तर बॅटरी मेली आहे किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे. दिवे जसेच्या तसे राहिले तर करंट आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये असा ढोबळ नियम आहे. इथल्या थंडीत तो नियमही जरा सैल धरावा लागतो. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल इंजिनाला फिरू देत नाही. शिवाय गाडी ऑटोमॅटिक आहे. गिअर पार्किंगमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये आहे असं सांगणारा एक छोटा स्विच बिघडला तरी सेल्फ हूं की चूं करत नाही. अशा वेळी दांडा न्यूट्रलवर आणून किल्ली मारून बघायची. खर्च शून्य.

इंजिन फिरतं पण धरत नाही, असं असेल तर दुसरा प्रश्न: ठिणगी नाही की पेट्रोल नाही? किल्ली नुसती ऑन केली की मागच्या टाकीकडून पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येते. ती आली म्हणून पंप निर्दोष ठरत नाही, पण अजिबात आली नाही तर तपास त्या दिशेने वळवायचा. मग स्पार्क टेस्टर लावायचा. कडकडणारी निळी ठिणगी दिसली की इग्निशनवरचा संशय बराच कमी होतो. बारीक पिवळट दिसली तर वाढतो. त्यानंतर एक प्लग काढून बघावा. तो पेट्रोलने ओला असेल आणि ठिणगी नसेल तर पंपाला घरी पाठवायचं. प्लग कोरडा आणि ठिणगीही नाही, तर दोघांना हुकूम देणारा वरचा अधिकारी, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला पिकअप, संशयात येतो. पण त्याच्याही आधी कॅप काढून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं आणि रोटर फिरतो का ते पाहावं. डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवर चालत असेल आणि रोटर ढिम्म असेल, तर टायमिंग बेल्टच तुटलेला असू शकतो. कॅप हातात आहेच, तर ती उजेडात तिरकी धरावी. आतल्या दोन टोकांमध्ये शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसली, तर ठिणगी प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळते आहे. दमट हवेत गाडी रुसते आणि उन्हात सुरू होते, त्यामागे पुष्कळदा हीच रेघ असते.

आता तुमचा आक्षेप. मिरजेच्या नाक्यावरचा मिस्त्री असली कागदपत्रं करत बसत नाही, नुसत्या आवाजावरून सांगतो. मान्य. पण तो आधी काय करतो ते आठवा. प्लगची वायर उपसून इंजिनाजवळ धरतो आणि करंट बघतो. म्हणजे तोही गाडीलाच विचारतो, फक्त भराभर विचारतो म्हणून आपल्याला तो अंतर्ज्ञानी वाटतो. त्याची ती युक्ती मात्र इथे चालायची नाही. तुमच्या पद्मिनीत पॉइंट आणि कंडेन्सर होते. पॉलिश पेपर मारून, फटीत फीलर गेज घालून काम भागायचं. या गाडीत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे. तीस हजार व्होल्टच्या आसपासचा झटका हाताला तर बसेलच, शिवाय वायर मोकळी राहिली तर चांगलं मॉड्यूल जळेल. मुळातला विचार दोन्हींत एकच आहे. ओहायोतल्या डेटनच्या चार्ल्स केटरिंगने बॅटरीवरचं इग्निशन बसवलं, ते १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आलं. १९१२ मध्ये त्याच कॅडिलॅकला त्याचा इलेक्ट्रिक स्टार्टर लागला. थोडक्यात, ठिणगी आणि सेल्फ या आमच्या दोन्ही मुख्य संशयितांचं माहेर इथून चारेक तासांवर आहे, गाडी सुरू झाली तर.

भाचेमंडळींचा आक्षेप आधुनिक आहे: कॉम्प्युटर जोडा, तोच सांगेल. अमेरिकेत सर्व गाड्यांना एकसारखी तपासणीची जोडणी सक्तीची झाली ती १९९६ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या पुष्कळ गाड्या आपलं दुखणं एक दिवा मिचकावून सांगतात, तेही प्रत्येक कंपनीच्या बोलीत. आणि कोड मिळाला तरी तो कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो. पार्ट खराब, वायर तुटकी की कनेक्टरमध्ये पाणी, हे पुन्हा आपणच शोधायचं. धक्का मारण्याचा सल्ला देणाऱ्यांना तर मी हात जोडतो. ऑटोमॅटिक गाडीला अख्खी सोसायटी लोटली तरी बहुतेक वेळा चाकांकडून इंजिन फिरत नाही. फक्त शेजाऱ्यांची ओळख होते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप हिशेबाचा आहे. इथे मजुरी महाग आणि पार्ट त्या मानाने स्वस्त, मग सरसकट सगळं बदलून का टाकू नये? कारण पार्ट बदलताना पुरावाही बदलतो. पाच गोष्टी एकदम नव्या बसवल्या आणि गाडी सुरू झाली, तर दोषी कोण होता ते कळत नाही. नाही झाली, तर त्या पाचांत एखादा नवा पार्टच सदोष आहे का, ही आणखी एक शंका वाढते. त्यात मॉड्यूलचा बिघाड भलताच लबाड. ते तापलं की ठिणगी देणं बंद करतं आणि निवलं की शहाण्यासारखं काम करू लागतं. गाडी बंद पडली, कुणी तासभर खपून प्लग बदलले, तेवढ्यात मॉड्यूल निवलं आणि गाडी सुरू झाली, की श्रेय प्लगला. पुढच्या वेळी तोच माणूस छातीठोकपणे सगळ्यांना प्लग बदलायला सांगतो. आपल्या ग्रुपवरचं निम्मं ज्ञान असंच जन्मलेलं असावं, अशी मला नम्र शंका आहे. तपासणीला वेळ लागतो हे खरं, पण तो एकदाच लागतो. अंदाजाला मात्र दर खेपेला नवी पावती लागते.

तेव्हा यापुढे सल्ला देणाऱ्याने एवढंच सांगावं: कुठली खूण दिसली तर हा पार्ट दोषी, आणि कुठली दिसली तर निर्दोष? ज्याला हे सांगता येईल त्याचं ऐकायला आम्ही तयार आहोत, मग तो मिरजेचा असो की सिंगापूरचा. शनीलाही हीच अट.

काकूंना नमस्कार, चिमण्यांना आशीर्वाद. इकडे येणाऱ्या कुणाबरोबरही प्लग पाठवू नयेत. चकलीची भाजणी पाठवावी, ती न तपासता स्वीकारली जाईल.

आपला आज्ञाधारक (गाडीचा विषय वगळून),
पुतण्या