हवा खाणारी विजय

पुण्यात वाढलेल्या माणसाच्या लेखी स्कूटर म्हणजे आकुर्डीची बजाज, फार तर साताऱ्याची प्रिया. त्यामुळे लखनौला बदली झाल्यावर घरमालकांनी प्रेमाने त्यांची जुनी विजय सुपर माझ्या हवाली केली, तेव्हा मी तिला फारसा मान दिला नाही. कूळ मात्र तिचं मोठं. इटलीतल्या इनोसेंटीकडून लँब्रेटाचा सगळा बाडबिस्तरा सरकारने विकत घेतला आणि 1972 साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडियात, म्हणजे लखनौच्या सरोजिनीनगरात, आणून मांडला. मिलानची ही बाई विजय असं पुरुषी नाव लावून कानपूर रोडवर धावू लागली. 1997 साली स्कूटर निघायची थांबली, विक्रम टेंपो मात्र निघत राहिले. 2021 मध्ये कारखान्यालाच टाळं लावायचं ठरलं. पण लखनौत ज्याचा त्याचा कुणी ना कुणी काका, मामा, फूफा तिथे नोकरीला होता. गाडी रस्त्यात अडली की निदान करायला माणसं वारसाहक्काने जमतात.

माझ्या विजयचं दुखणं असं की अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन किंचाळत राहायचं. पानवाल्याच्या मते कॉइल. एका निवृत्त गृहस्थांच्या मते पेट्रोलमधली भेसळ. गंमत म्हणजे कुणी कुणाला खोडून काढत नव्हतं. "आपने बिल्कुल सही फरमाया, बस एक बार प्लग भी देख लीजिए." पुण्यात पहिल्याच माणसाने "विका" म्हणून विषय संपवला असता.

प्लग काढला तर पांढराफटक. हवा जास्त, पेट्रोल कमी. "एअर ले रही है," लाटूश रोडच्या मिस्त्रींनी निकाल दिला. आता ही हवा शिरते कुठून? लँब्रेटाचं इंजिन मागच्या चाकाबरोबर वरखाली होतं. कार्बोरेटर इंजिनाला जखडलेला, तर एअरबॉक्स सीटखाली चॅसीला. मधे एक रबरी नळी. खड्डा आला की एक उडतो, दुसरा ढिम्म, आणि ओढाताण नळीची. नळी आमची चिरलेलीच होती. दुकानदाराने दिलेली नवी "ओरिजिनल" नळी कशातच बसेना. मिस्त्रींनी चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवून तिला त्यात बुडवली, काठाला साबण लावला आणि "आइए, आइए" करत ती कार्बोरेटरच्या तोंडावर चढवली. ती येईपर्यंत एअरबॉक्सचं टोक निसटायचं. शेवटी त्यांनी बॉक्सचेच बोल्ट सैल केले, नळी बसवली, काठ आत दुमडलेला तर नाही ना हे बोट फिरवून पाहिलं, मग बोल्ट आवळले.

तेवढ्यात केसांना जेल लावलेला एक तरुण म्हणाला, "बॉक्स हटाइए, कोन फिल्टर लगाइए, पिकअप देखिए!" माझं यावर स्पष्ट मत आहे. मेन जेटचं माप त्या बॉक्समधून येणाऱ्या हवेच्या हिशेबाने ठरलेलं असतं. बॉक्स काढून जेट तोच ठेवला तर मिश्रण आणखी पातळ होतं, आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून जॅम व्हायला वेळ लागत नाही. आवाज वाढतो, त्यालाच पोरं पिकअप समजतात.

नळी बसली तरी किंचाळणं चालूच. मिस्त्रींना नवल वाटलं नाही. कार्बोरेटरच्या आधी शिरणारी हवा धूळ आणते, खरा धिंगाणा घालते ती त्याच्या पुढे, इंजिनाच्या बाजूने शिरणारी. त्यांनी सिरिंजने मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं. इंजिन क्षणभर नरमलं. सापडला चोर! मॅनिफोल्ड उघडला, तर गॅस्केटच्या जागी कुणा बहाद्दराने सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा कापून घातलेला. धोक्याची सूचना अजून वाचता येत होती.

नवं गॅस्केट बसलं, विजय गुमान टुकटुकायला लागली. निवृत्त गृहस्थ म्हणाले, "हम तो पहले ही कह रहे थे, हवा का मामला है." पानवाल्याने मान डोलावली, क्लचची तार बोटाने ताणून पाहिली आणि म्हणाला, "भाईसाहब, यह भी कुछ ठीक नहीं लग रही."