कूलर की कटिंग

कागद कापायच्या यंत्राच्या खोक्यावर एक बाई हसत असते. टेबल पांढरे, भिंत पांढरी, हातात कागदाचे जाळीदार फूल, आणि त्या फुलाच्या एकाही पाकळीची कड पिंजारलेली नाही. चित्रात काय आहे ते कुणालाही दिसते. काय नाही ते वरूडच्या माणसाला आधी दिसते. छताला पंखा नाही. खिडकीत कूलर नाही. टेबलावर चहाच्या कपाचा गोल डाग नाही. शेजारच्या अंगणातल्या कापसाचे तंतू हवेत तरंगत नाहीत. बाईच्या मागे उभा राहून "झालं का?" असे विचारणारा सासरा नाही. अशा खोलीत मीही हसलो असतो.

हे यंत्र म्हणजे साइनबोर्डवाल्यांच्या मोठ्या प्लॉटरचे घरगुती पिल्लू. क्रिकट नावाचे यंत्र 2006 साली अमेरिकेतल्या युटामधून बाजारात आले. सिल्हुएट, ब्रदर अशी आणखीही नावे आहेत. आमच्या घरातले कुणाचे ते सांगत नाही, कारण तक्रार कंपनीबद्दल नाही. फक्त नोंद करतो की युटा हे कॅलिफोर्नियापासून एकच राज्य सोडून आहे आणि वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. तेव्हा थोडा शेजारधर्म अपेक्षित होता.

यंत्र पुतणीचे. ती रुखवताच्या, बारशाच्या आणि गणपतीच्या मखराच्या ऑर्डरी घेते. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखराचा सगळा भार कागदावर पडला. थर्माकोल तापलेल्या तारेने कापत. तार कापत नाही, वितळवते, म्हणून कड आरशासारखी गुळगुळीत यायची. पर्यावरणाचे भले झाले यात शंका नाही. गिऱ्हाईक मात्र अजून तीच कड मागते, आणि ती कागदाला मागते.

आता यंत्राच्या आत काय घडते ते सांगतो, कारण घरातल्या कुणालाही ते जाणून घ्यायचे नाही. आत बोटाएवढ्या नळीत एक बारीक पाते असते. ते नळीत मोकळे फिरते आणि त्याचे टोक नळीच्या मध्यापासून किंचित बाजूला असते. यंत्र ओढेल तिकडे पाते मागून फरफटत जाते. सरळ रेषेवर याने काही बिघडत नाही. कोपरा आला की पात्याला कागदात रुतलेल्या अवस्थेतच वळावे लागते, आणि नेमके तिथेच कागदाचे तंतू उचकटतात. आमच्याकडच्या ऑर्डरी तपासून पाहा. संत्र्याच्या फोडी, मोराचा पिसारा, तान्ह्या पोळ्याच्या बैलाची झूल. सरळ रेषा मागणारे गिऱ्हाईक वरूड तालुक्यात अजून जन्मायचे आहे.

कात्रीचे तसे नसते. कात्रीला दोन पाती असतात आणि कागद त्या दोघांमध्ये सापडतो, त्याला पळायला जागा नसते. यंत्रात पाते एकच. दुसऱ्या पात्याचे काम खालची चिकट मॅट करते. मॅटने कागद घट्ट धरला तर कड स्वच्छ येते, मॅट ढिली पडली तर जगातले सर्वांत महाग पातेही कागद फक्त ढकलत नेते. हे पुतणीला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काकाजी, मंग पात्यावर एवढे पैसे काऊन खर्च केले आपण?" प्रश्न रास्त आहे. मी तो पुढे पाठवला आहे. कुणाकडे, ते अजून ठरलेले नाही.

मॅटचे आपले एक शास्त्र आहे. निळी कमी चिकट, पातळ कागदासाठी. हिरवी मधली, कार्डशीटसाठी. जांभळी जास्त चिकट, पुठ्ठ्यासारख्या जाड मालासाठी. मॅट बारा इंच चौरस, कारण तिकडे बारा इंची कागद मिळतो. इकडे ए-फोर मिळतो, 210 बाय 297 मिलिमीटर. तो मॅटवर उंचीला जवळपास पुरतो आणि रुंदीला साडेनऊ सेंटिमीटर उघडी पट्टी सोडतो. त्या उघड्या पट्टीवर घरातले सगळे काही येऊन चिकटते: केस, धूळ, कापूस, एकदा जिवंत मुंगी. मॅट मळली की कोमट पाण्याने धुवा आणि आडोशाला वाळवा, असे पुस्तिकेत लिहिले आहे. भूजलाचा अतिउपसा झालेला तालुका म्हणून वरूडचे नाव सरकारी कागदांत आहे. संत्र्याच्या झाडांसाठी लोक बोअर खोल खोल नेत आहेत आणि आम्ही प्लास्टिकच्या चटईला आंघोळ घालतो आहोत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी यावर एक शब्दही काढला नाही. नुसते पाहिले.

कागद मॅटवर बसवायला रबरी रोलर मिळतो. आमच्याकडे लाटणे आहे. लाटण्याने कागद उत्तम बसतो. पण लाटणे स्वयंपाकघरातून बैठकीत आणि बैठकीतून परत स्वयंपाकघरात जाते, आणि मग पोळीवर सोनेरी ग्लिटर का, असा विषय जेवताना निघतो.

सॉफ्टवेअर पहिला प्रश्न विचारते तो कागदाच्या वजनाचा, आणि तोही पौंडात. 65 पौंडांचे कव्हर म्हणजे आपले सुमारे 176 जीएसएम, 80 पौंडांचे कव्हर म्हणजे सुमारे 216. पण 80 पौंड 'टेक्स्ट' असेल तर तोच आकडा सुमारे 118 जीएसएमवर येतो. म्हणजे दोन्ही 80 पौंडच, पण एक कागद दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट जाड. असे माप ज्यांनी शोधले त्यांनी चंद्रावर माणूस कसा उतरवला हे मला कळत नाही. आपले जीएसएम सोपे आहे: एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. आता हा सोपा आकडा घेऊन स्टेशनरीच्या दुकानात जावे.

"दोनशेवीस जीएसएमचं कार्डशीट आहे का?"

"जाड पाह्यजे, पतला पाह्यजे, का मंधातला?"

"दोनशेवीस."

"भाऊ, हा घ्या. लग्नाच्या पत्रिकेवाला हाय."

"याचं वजन किती?"

"किती घेता त्याच्यावर हाय."

यात दुकानदाराचे काहीच चुकत नाही. त्याला गठ्ठा येतो, गठ्ठ्यावर काही लिहिलेले नसते आणि गिऱ्हाईक रंग बघून घेते. रंगाचीही एक गंमत आहे. स्वस्त कार्डशीटचा रंग वरवरचा असतो आणि पोट पांढरे. कापले की प्रत्येक कडेला पांढरी रेघ उमटते आणि केशरी संत्रा चुन्याने आखल्यासारखा दिसतो. आरपार रंगवलेला कागद मिळतो, पण तो मागवावा लागतो, आणि कुरिअरवाला तो गुंडाळी करून आणतो. ग्लिटरचा कागद घ्यावा तर त्याच्या चमकीने पात्याची धार जाते. म्हणून तो उलटा ठेवून मागून कापतात. त्यासाठी नक्षी आरशातल्यासारखी फिरवून घ्यावी लागते, आणि ती फिरवायचे विसरले तर वर-वधूची नावे फक्त आरशात वाचता येतात.

पण खरा प्रश्न कूलरचा आहे.

लग्ने उन्हाळ्यात. म्हणजे रुखवत उन्हाळ्यात, म्हणजे कटिंगही उन्हाळ्यात. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो. कूलर बंद ठेवला तर हवा कोरडी राहते, कोरडा कागद पात्याखाली कुरकुरीत कापला जातो, मात्र त्याच्या कडा वर उचलतात आणि मॅटचा गोंद उष्णतेने नरम होऊन कागदाच्या पाठीला लागतो. कूलर चालू केला तर वाळ्याच्या ताट्यांतून थंडगार ओली हवा येते, माणसे सुखावतात आणि कागद ओल पितो. ओलावलेला तंतू फुगतो, मऊ पडतो, पात्यापुढे वाकतो पण तुटत नाही, आणि कड पिंजारते. शिवाय कूलरच्या झोताने कापलेले तुकडे बैठकभर उडतात ते वेगळेच. एकदा संत्र्याची एक फोड थेट पाहुण्यांच्या पोह्यांत पडली. केशरी असल्यामुळे कुणाच्या लक्षात आले नाही.

"काकाजी, अर्धा घंटा कूलर बंद ठेवा ना जी."

"कूलर बंद केला तं मी बंद पडतो."

यावर तोडगा एकच निघाला. कागद बैठकीत ठेवायचाच नाही. तो लोखंडी कपाटात, घडी केलेल्या पैठणीखाली दाबून ठेवायचा आणि कापायच्या वेळेलाच बाहेर काढायचा. तिथे कागद कोरडाही राहतो आणि सपाटही. पैठणीच्या मालकिणीचे म्हणणे मात्र ऐकून घ्यावे लागते, आणि ते कागदाच्या जाडीइतके थोडक्यात नसते. पावसाळ्यात कपाटही कामाचे राहत नाही. तेव्हा घोटीव कागदाची आपोआप नळी होते आणि यंत्र त्याला कागद मानायलाच तयार होत नाही.

वीज गेल्याचे सविस्तर सांगत नाही. ती जाते. परत येते तेव्हा यंत्राला आपण मोराच्या कितव्या पिसावर होतो हे आठवत नाही, आणि ते नव्या उमेदीने पहिल्या पिसापासून, एक मिलिमीटर बाजूला, सुरुवात करते.

देवनागरीचे मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. यंत्रासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये भोपळे आहेत, बर्फातली हरणे आहेत, टर्की कोंबडे आहेत. बैल शोधला तर शिंगे रोखून धावणारे एक जनावर येते, ज्याच्या पाठीवर झूल टाकायची कुणाची हिंमत होणार नाही. ठीक आहे, बैल आपण काढू. पण 'शुभ विवाह' लिहिले की 'वि'ची वेलांटी 'व'च्या पलीकडे जाऊन बसते. ती जागेवर आणली की पुढची अडचण येते. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा पुढच्या अक्षरात किंचित घुसलेली असते, म्हणून ओळ अखंड दिसते. यंत्र भाबडे आहे. ते प्रत्येक अक्षराची हद्द वेगळी मोजते आणि प्रत्येक जोडावर इमानाने पाते चालवते. शेवटी मॅटवरून 'शुभ विवाह' एकेका अक्षराने सुटून येतो, म्हणजे लग्नाच्या आधीच फारकत. यावर उपाय 'वेल्ड' नावाच्या बटणाचा. त्याने सगळी अक्षरे एकसंध होतात, आणि तेव्हा आपल्या लिपीची सोय कळते. पूर्ण शब्द शिरोरेखेला धरून तोरणासारखा एका तुकड्यात उचलता येतो. इंग्रजी नाव लिहिणाऱ्याला एकेक अक्षर सरळ ओळीत चिकटवत बसावे लागते. एवढा एकच मुद्दा आमच्या बाजूने आहे आणि तोही कंपनीने दिलेला नाही.

त्यातही अनुस्वार राहतोच. तो शिरोरेखेला जोडलेला नसतो, सुटा पडतो, आणि उंचीला तीन मिलिमीटर असतो. टाचणीच्या टोकाने उचलावा तर कूलरच्या झोताने जातो. बारशाच्या फलकावरची 'आनंदी' अशाने 'आनदी' होते आणि बाळाची आत्या ते सर्वांत आधी वाचते.

शेवटी मी रेडियमवाल्याकडे गेलो. बस स्टँडच्या रस्त्यावर, धुळीत, ट्रॅक्टरच्या धुराड्याशेजारी त्याचे दुकान आहे. प्लॉटर जुना, खोक्यावरची बाई नाही, मुळात खोकेच नाही. तो मोटारसायकलींवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' असे अनुस्वारासकट कापून देतो आणि कड सुरीसारखी येते. मी आमची संत्र्याची फोड त्याला दाखवली. त्याने ती उन्हात धरली.

"भाऊ, कागदाले तंतू राह्यते. रेडियमले राह्यत नाही. तुमी दोघायले एकच पातं लावता."

मग त्याने फुकट सांगितले ते असे. पात्याचे टोक कागदाच्या जाडीपेक्षा केसभरच पुढे ठेवा. जास्त काढले तर ते मॅट खोदते आणि कागद फाडते. नळीत कागदाचा भुसा साचतो, तो फुंकून काढा. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा गोळा करून पाते त्यात टोचा, चिकटलेला कचरा निघतो. गेलेली धार मात्र त्याने येत नाही, ती आली असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वेग कमी करा. जाड कागदाला एकदाच जोर लावण्यापेक्षा हलक्या दाबाने दोनदा फिरवा. आधी कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण कापून पाहा. आणि झाल्यावर मॅटवरून कागद सोलू नका, मॅट पालथी करून कागदावरून मॅट सोला. कागद सपाट राहतो, वाकायची वेळ मॅटवर येते.

यातले एकही वाक्य खोक्यावर नव्हते. खोक्यावर बाई होती.

घरी येऊन पुतणीने सगळे केले. कड स्वच्छ आली. फोडीच्या टोकाला एक तंतू उरला होता, तो तिने नखाने काढला आणि मला दाखवला नाही असे समजते.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे हवा कोरडी आणि गार असते, मॅटचा गोंद ताळ्यावर असतो आणि कूलर माळ्यावर असतो. कटिंगला याहून चांगला महिना नाही. अडचण अशी की तेव्हा आंबिया बहाराची तोडणी चालू असते आणि घरातला प्रत्येक हात बागेत असतो, पुतणीचासुद्धा. लग्नांच्या तारखा काढणाऱ्यांनी याचा विचार करावा असे सुचवले होते. त्यांनी पंचांग पाहून नाही म्हटले.

म्हणून वरूड, मोर्शी आणि शेंदुरजना घाटच्या स्टेशनरीवाल्यांना विनंती की कार्डशीटच्या गठ्ठ्यावर जीएसएम लिहावे. डॉट पेनने लिहिले तरी चालेल. आणि गिऱ्हाइकांना कळवण्यात येते की मे महिन्यातल्या रुखवताच्या ऑर्डरी होळीच्या आत द्याव्यात. नावात अनुस्वार असल्यास जास्तीचे पैसे पडतील.